चाळिशी व तिचा मदतनीस

(१)

जुन्या पोथ्या व दप्तरें चाळण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांच्यापैकीं बहुतेकांचा एक सोबती असा आहे कीं, त्याच्याविषयीं त्यांनीं कधींच टिपण केलेलें नाहीं. कागद कोणत्या गांवचा, शाई कशाची, बोरूचा छाट कसा, रुमालाचें कापड कोणत्या काळचें, यांचा विचार आपण करतों. परंतु ज्या दोन काचांतून हें सर्व दिसतें त्या काचांचा विचार करीत नाहीं. चष्म्यांतून पाहावयाचें असतें, चष्म्याकडे पाहावयाचें नसतें, हेंच त्याचें कारण असावें.

उपनेत्राच्या इतिहासावर युरोपांत पुष्कळ लिहिलें गेलें आहे, व आपल्याकडेहि कै. प. कृ. गोडे यांनीं त्याचा पाया घालून ठेवला आहे. परंतु या इतिहासांत मुख्यतः दोनच पुरुष वावरतांना दिसतात. एक भिंग घासणारा कारागीर, व दुसरा डोळ्याची परीक्षा करणारा वैद्य किंवा शास्त्रज्ञ. या दोघांच्या मध्यें तिसरें एक माणूस उभें आहे. दुकानांत ग्राहकासमोर बसून, त्याच्या नाकाचा व कानांचा अदमास घेऊन, तयार भिंग त्याच्या बाहुलीपुढें नेमकें बसवून देणें हें त्याचें काम. इंग्लंडांतील स्वतंत्र चष्मेकारांच्या दुकानांत त्यास आज ऑप्टिकल असिस्टंट म्हणतात. आपण त्यास चष्मेकाराचा मदतनीस म्हणूं. ग्रंथांतून त्याचें नांव आढळत नाहीं. त्याच्या कामाचा माग काढणें, आणि तें काम करणारा जेथें कोणी नव्हता तेथें जुन्या वाचकांचें व लेखकांचें काय झालें असावें याचा विचार करणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२)

प्रथम शब्दांची साक्ष घेऊं. मराठींत 'चाळिशी' किंवा 'चाळशी' या एकाच शब्दाचे तीन अर्थ आहेत: चाळीस वर्षांचें वय, त्या वयांत जवळचें अक्षर अंधुक दिसूं लागणें, आणि त्यावर लावावयाचा चष्मा. 'त्यास चाळिशी लागली' व 'त्यानें चाळिशी लावली' या दोन वाक्यांत व्याधि आणि उपाय एकाच नांवानें नांदतात. ही गोष्ट एकट्या मराठीची नव्हे. कानडींत 'चाळीसु' म्हणजे चष्मा; बंगालींत 'चाल्शे' म्हणजे त्या वयाचें दृष्टिमांद्य; तेलुगूंतील 'चत्वारम्' उघडच संस्कृत 'चत्वारिंशत्' या शब्दाचें अपत्य आहे; आणि तामिळांतील 'साळेश्वरम्' हा शब्द दिसावयास देवाच्या नांवासारखा असला तरी तोहि चाळिसाचाच अवतार दिसतो. तामिळ व मल्याळम् या भाषांत याच व्याधीस दुसरें एक नांव आहे, त्याचा अर्थ 'पांढरें अक्षर' असा होतो. ज्यानें साठीच्या पुढें दिव्याच्या उजेडांत पोथी उघडली असेल, त्यास या नांवाची यथार्थता समजावून सांगावयास नको.

याच्या उलट 'चष्मा' हा शब्द फारसी 'चश्म' म्हणजे डोळा यापासून आला, व हिंदींतील 'ऐनक' अरबी 'ऐन' म्हणजे डोळा यापासून. संस्कृत 'उपनेत्र' शब्दांतहि नेत्रच आहे. म्हणजे इतर शब्द डोळ्याचें नांव सांगतात, आणि आपला घरचा शब्द मात्र वयाचें नांव सांगतो. वैद्यकाचें गणित याहून निराळें आहे. शार्ङ्गधरसंहितेंत मनुष्याच्या आयुष्यांतील दर दशकास एकेक गुण कमी होत जातो असें सांगून दृष्टीचा ऱ्हास सहाव्या दशकांत घातला आहे. चौथें दशक तेथें मेधेचें आहे. सहावें दशक म्हणजे पन्नास ते साठ. ग्रंथकार पन्नाशीनंतर म्हणतो, आणि लोकभाषा चाळीस म्हणते. आमच्या मतें या भेदाचें कारण असें कीं, शार्ङ्गधर एकंदर दृष्टीविषयीं बोलत आहे, व लोकभाषा बारीक काम करणाऱ्यांच्या, म्हणजे कारकून, सोनार, शिंपी, लेखक यांच्या अनुभवाविषयीं बोलत आहे.

परंतु या शब्दांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ज्या वस्तूचें नांव वयावरून पडलें, ती वस्तु वय सांगून घेतली जात असली पाहिजे. 'चाळिसाची द्या, पन्नासाची द्या' असा तो व्यवहार असावा. त्यांत डोळा मोजण्याचा प्रश्न नाहीं. हा केवळ तर्क नव्हे, त्यास परदेशांतील कागदांचा भक्कम आधार आहे.

(३)

उपनेत्राचा जन्म उत्तर इटलींत इ. स. १२८६ च्या सुमारास झाला असें मानतात. त्यास मुख्य आधार, जोर्दानो दा रिवाल्तो या धर्मोपदेशकानें फ्लॉरेन्स येथें २३ फेब्रुवारी १३०६ रोजीं केलेलें प्रवचन. ही कला निघून वीस वर्षेंहि झालीं नाहींत, असें त्यानें त्यांत सांगितलें आहे. व्हेनिसच्या स्फटिककारांच्या संघाच्या नियमांत इ. स. १३०० च्या सुमारास डोळ्यांच्या भिंगांचा उल्लेख येतो. इ. स. १३५२ मध्यें तोम्मासो दा मोदेना या चित्रकारानें त्रेव्हिझो येथील भिंतीवर ह्यूग नांवाच्या कार्डिनलचें चित्र काढलें व त्याच्या नाकावर चष्मा चढविला. चष्म्याचें हें सर्वांत जुनें चित्र समजलें जातें. गंमत अशी कीं, हा कार्डिनल १२६३ मध्येंच वारला होता, म्हणजे चष्मा निघण्यापूर्वीं वीस-तेवीस वर्षें. चित्रांच्या आधारें कालनिर्णय करणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां मुख्य कागद पाहूं. मिलानचा ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झा यानें १४६२ मध्यें फ्लॉरेन्सहून तीन डझन चष्मे मागविले: एक डझन दूरचें पाहणाऱ्या तरुणांसाठीं, एक डझन जवळचें पाहणाऱ्या वृद्धांसाठीं, व एक डझन साधारण दृष्टीचे. पुढें १४६६ मध्यें त्याचा मुलगा गालेआत्सो मारिया यानें दोनशे चष्मे मागविले, ते तीस वर्षांपासून सत्तर वर्षांपर्यंत, पांच पांच वर्षांच्या टप्प्यांनीं. म्हणजे फ्लॉरेन्सच्या पेठेंत पस्तिशी, चाळिशी, पंचेचाळिशी अशा नांवांनीं माल तयार होता. विन्सेंट इलार्डी या इतिहासकारानें हे कागद उजेडांत आणले. ते वाचल्यावर आमच्या 'चाळिशी'चा अर्थ स्वच्छ होतो. करणारा फ्लॉरेन्स येथें, लावणारा मिलान येथें, दोघांची दृष्टादृष्ट नाहीं, आणि मध्यें फक्त वयाचा आंकडा.

हाच माल पूर्वेकडे आला. हेरात येथील कवि जामी (मृत्यु १४९२) यानें आपल्या 'सलामान व अब्साल' या काव्यांत म्हाताऱ्या डोळ्यांस फिरंगी काचेचा आधार घ्यावा लागतो अशा अर्थाची तक्रार केली आहे. म्हणजे वास्को द गामा १४९८ मध्यें कालिकत येथें उतरण्यापूर्वींच ही वस्तु खुष्कीच्या वाटेनें हेरातपर्यंत पोंचली होती. आपल्या देशांतील उल्लेख विजयनगरचा आहे. कृष्णदेवरायाच्या दरबारीं मान पावलेले माध्व आचार्य व्यासराय (मृत्यु १५३९) यांचें 'व्यासयोगिचरित' सोमनाथ कवीनें लिहिलें. त्यांत आचार्य डोळ्यांपुढें भिंगें लावून पोथी वाचीत आहेत असें वर्णन आहे. गोडे यांनीं या उल्लेखाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. भारतांतील उपनेत्रधारी पुरुषाचें ज्ञात असलेलें हें फार जुनें चित्र, आणि त्याच्या हातीं पोथीच असावी, याचा आम्हां पोथीवाल्यांस अभिमान वाटल्यास नवल नाहीं.

परंतु या दोन्ही उल्लेखांत भिंग आहे व वाचक आहे. भिंग जुळवून देणारा कोणी नाहीं. वस्तु जहाजांतून किंवा उंटावरून येऊं शकते. तिच्याबरोबर ती बसविणारा हात येतोच असें नाहीं. नजराणा म्हणून किंवा व्यापारी माल म्हणून आलेल्या चष्म्यांतून जो डोळ्यास मानवेल तो उचलावयाचा, एवढीच निवड खरेदीदारास असावी.

(४)

मापून देण्याची कल्पना ग्रंथांत प्रथम ठळकपणें दिसते ती स्पेनमध्यें. सेव्हिल येथील बेनितो दासा द वाल्देस यानें १६२३ मध्यें चष्म्याच्या उपयोगावर स्पॅनिश भाषेंत पुस्तक छापलें. हा गृहस्थ धर्मन्यायसभेचा लेखनिक होता, वैद्य नव्हता. त्यानें भिंगांस अंशांचीं मापें लावलीं, मोहरीचे दाणे ओळीनें मांडून ते किती अंतरावरून मोजतां येतात यावरून दृष्टि ठरविण्याची रीत सांगितली, आणि पुस्तकाचा एक भाग संवादरूपानें लिहिला. त्या संवादांत चष्म्याचा जाणकार व त्याचे ग्राहक बोलतात. कोणास शिकारींत दूरचें दिसत नाहीं, कोणास वाचतां येत नाहीं; आणि जाणकार प्रत्येकाची हकीकत ऐकून घेऊन मग भिंग सुचवितो. आमच्या समजुतीप्रमाणें आपला मदतनीस ग्रंथांत प्रथम येथें बोलतो. त्याचा पहिला गुण ऐकून घेणें हा आहे, हेंहि येथेंच दिसतें.

याच सुमारास लंडनमध्यें चष्मेकारांच्या संघास पहिल्या चार्लस राजानें १६२९ मध्यें सनद दिली. संघानें उमेदवारी, मालाची तपासणी व शिक्षा यांचे नियम केले. १६७१ मध्यें एका दुकानदारिणीकडे बावीस डझन चष्मे सांपडले. भिंग व चौकट दोन्ही वाईट ठरल्यामुळें ते लंडन स्टोन नांवाच्या प्राचीन शिळेवर हातोड्यानें फोडून टाकण्यांत आले. हा प्रकार कठोर वाटेल. पण त्यामागील विचार असा कीं, वाईट चष्मा हा वाईट मडक्यासारखा नाहीं. मडकें गळलें तर ग्राहकास लगेच कळतें; भिंग वाईट असलें तर तो बिचारा आपल्या डोळ्यांसच दोष देत बसतो.

मात्र संघाचें लक्ष वस्तूवर होतें, ती बसविण्यावर नव्हतें. आणि त्याचें कारण वस्तूच्या घडणींतच होतें. साडेचारशें वर्षें चष्मा नाकावर चिमट्यासारखा धरून ठेवावा लागे किंवा हातांत धरावा लागे. कानशिलावरून जाणाऱ्या काड्या लंडनमध्यें एडवर्ड स्कार्लेट या चष्मेकाराच्या काळीं, म्हणजे १७३० च्या सुमारास, प्रचारांत आल्या. काडी आली तेव्हां चष्मा प्रथमच चेहऱ्यावर स्थिर राहूं लागला, आणि स्थिर राहूं लागला म्हणूनच तो कोठें स्थिर राहतो हा प्रश्न उत्पन्न झाला. कान उंचसखल असतात, नाक एका अंगास झुकलेलें असतें, एक डोळा दुसऱ्याहून नाकाच्या जवळ असतो. मदतनिसाच्या हातास खरें काम काडीनें दिलें.

१८२५ च्या सुमारची एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. जॉर्ज एअरी हा केंब्रिजचा गणिती. त्याच्या डाव्या डोळ्यास एका दिशेच्या रेषा स्पष्ट व दुसऱ्या दिशेच्या अस्पष्ट दिसत. त्यानें गणितानें दोष शोधला व त्यावर एका अंगानें वक्र असें भिंग योजिलें. तें भिंग इप्सविच गांवच्या फुलर नांवाच्या चष्मेकारानें करून दिलें. एअरी पुढें राजज्योतिषी झाला व त्याचें चरित्र सर्वांस ठाऊक आहे. फुलरचें मात्र आडनांव तेवढें राहिलें. आणि तें भिंग चौकटींत योग्य कोनांत बसवून एअरीच्या नाकावर कोणीं ठेवलें, हें तर कोणींच लिहून ठेवलें नाहीं. असल्या भिंगाचा कोन थोडा चुकला तरी तें निरुपयोगी होतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे या मौनाचें वाईट वाटतें.

(५)

पुढील मोठी क्रान्ति हॉलंडांतील उट्रेक्ट येथें झाली. तेथें स्नेलेन यानें १८६२ मध्यें अक्षरांचा तक्ता प्रसिद्ध केला, व डॉन्डर्स यानें १८६४ मध्यें डोळ्याच्या जवळचें पाहण्याच्या शक्तीवरील आपला मोठा ग्रंथ लिहिला. १८७२ मध्यें मोनोये यानें भिंगाच्या शक्तीस 'डायॉप्टर' हें माप सुचविलें. डॉन्डर्सच्या कोष्टकाप्रमाणें दहा वर्षांच्या मुलाची जवळचें पाहण्याची शक्ति सुमारें १४ डायॉप्टर असते, चाळिशींत ती साडेचारावर येते, आणि साठींत एकावर. म्हणजे ही शक्ति चाळिशींत अकस्मात् जात नाहीं, ती बाळपणापासूनच उतरत असते. चाळिशींत ती हातांतील पुस्तकाच्या अंतरास अपुरी पडूं लागते एवढेंच. लोकभाषेनें निवडलेला आंकडा शास्त्राच्या कसोटीस बरोबर उतरला.

या बदलाची एक खूण आपल्या बोलण्यांत राहून गेली आहे. आपण 'चष्म्याचा नंबर' म्हणतों. डायॉप्टरपूर्वीं भिंगांस त्यांच्या केंद्रान्तराच्या इंचांवरून नंबर देत. दहा इंचांवर किरण गोळा करणारें भिंग तें दहा नंबरचें. त्या पद्धतींत नंबर मोठा तों भिंग सौम्य. नव्या पद्धतींत नंबर मोठा तों भिंग कडक. जुन्या चष्म्यावर किंवा डबीवर आंकडा सांपडल्यास तो कोणत्या पद्धतीचा आहे हें ठरविल्याशिवाय त्याचा अर्थ लावूं नये, अशी आमची संग्राहकांस सूचना आहे.

वयाच्या जागीं माप आलें, तेव्हां कामाची वांटणी झाली. डोळा तपासणारा निराळा झाला व चष्मा बसविणारा निराळा झाला. इंग्लंडांत ब्रिटिश ऑप्टिकल असोसिएशन १८९५ मध्यें स्थापन झाली. जुन्या चष्मेकार संघानें १८९८ मध्यें दृष्टिपरीक्षेची परीक्षा सुरू केली. ५ जुलै १९४८ रोजीं तेथें सरकारी आरोग्यसेवा चालू झाली व चष्मे विनामूल्य मिळूं लागले, तेव्हां मागणी अपेक्षेच्या कितीतरी पुढें गेली. तोंपर्यंत गरीब माणूस मोठ्या भांडारांतील टेबलावरून आपल्या अंदाजानें चष्मा उचलीत असे. १९५१ मध्यें चष्म्यांवर पुन्हा आकार बसला. १९५८ च्या कायद्यानें चष्मेकारांची नोंदणी सुरू झाली. त्यांत दृष्टि तपासणारे व चष्मा देणारे असे दोन वर्ग केले. १९८४ च्या कायद्यानें चष्मेविक्रीचीं बंधनें बरींच सैल केलीं, परंतु सोळा वर्षांखालील मुलांचा चष्मा नोंदणीकृत माणसाच्या देखरेखीखालींच दिला पाहिजे हा नियम राहिला. मदतनीस या दोन्ही वर्गांच्या बाहेरचा. त्याची नोंदणी नाहीं, सनद नाहीं. तो दुसऱ्याच्या देखरेखीखालीं काम करतो. आपल्याकडे या क्षेत्राचा सर्व देशासाठीं कायदा २०२१ मध्यें झाला व त्यांत दृष्टिपरीक्षकांचा समावेश आहे. त्याहिपूर्वीं शेंकडों गांवांत हें काम चष्म्याच्या दुकानांतील मुलांनीं व माणसांनींच चालविलें होतें.

(६)

आतां हें काम प्रत्यक्षांत कसें चालतें तें सांगूं. मोठ्या साखळी दुकानांत कामें वांटलेलीं असतात. स्वतंत्र दुकानांत मालक-परीक्षक आंतल्या खोलींत, व बाहेरचें सर्व एका-दोघां मदतनिसांवर. दार उघडणें, नांव नोंदणें, जुना चष्मा फोसिमीटर नांवाच्या यंत्रावर ठेवून त्याचा नंबर वाचणें, ग्राहक कोणतें काम करतो हें विचारणें, चौकट निवडण्यास साहाय्य करणें, मापें घेणें, भिंगें कापून आलीं म्हणजे तीं कागदाशीं ताडून पाहणें, चेहऱ्यावर बसविणें, आणि पुढें स्क्रू ढिला झाला, काडी वांकली, नाकाची उशी हरवली तर दुरुस्त करणें, इतकीं कामें त्याच्याकडे येतात. या लेखासाठीं आम्हीं पुण्यांतील एका लहान दुकानांत कांहीं दुपारीं बसून हें काम पाहिलें. तेथील मदतनीस बाई वीस वर्षें हेंच करीत आल्या आहेत.

त्यांतील मुख्य माप दोन बाहुल्यांमधील अंतराचें. मदतनीस ग्राहकासमोर हातभर अंतरावर बसते. आपला उजवा डोळा मिटून ग्राहकास आपल्या डाव्या डोळ्याकडे पाहावयास सांगते व पट्टीचें शून्य त्याच्या उजव्या बाहुलीच्या मध्यावर धरते. मग पट्टी न हलवितां डावा डोळा मिटून उजवा उघडते, त्याकडे पाहावयास सांगते, व त्याच्या डाव्या बाहुलीखालचा आंकडा वाचते. प्रौढांत हें अंतर बहुधा ५५ ते ७० मिलिमीटरांच्या दरम्यान भरतें. वाचतांना डोळे आंत वळतात, म्हणून वाचनाच्या चष्म्यासाठीं तें तीन-चार मिलिमीटर कमी धरावें लागतें.

एवढ्याशा अंतरानें काय बिघडतें, असें कोणी विचारील. त्याचें गणित सोपें आहे. एक डायॉप्टरचें भिंग मध्यापासून एक सेंटिमीटर सरकलें, तर एक मीटरवरील वस्तु एक सेंटिमीटर बाजूस सरकलेली दिसते. अमेरिकेंतील प्रेंटिस याच्या नांवानें हा नियम प्रसिद्ध आहे. म्हणजे चार डायॉप्टरचें भिंग अर्धा सेंटिमीटर चुकलें, तर वस्तु दोन सेंटिमीटर सरकते. दोन्ही डोळे तें सांवरून घेण्याची धडपड करतात, अक्षर दिसतें, परंतु घटकाभरानें कपाळ दुखूं लागतें व ओळी एकमेकींवर चढूं लागतात. ग्राहक म्हणतो, नंबर चुकला. नंबर चुकलेला नसतो. भिंग बरोबर असून जागा चुकलेली असते.

बसविण्याच्या कामांतहि असेच नियम आहेत, ते तोंडींच शिकविले जातात. चष्म्याची जी बाजू वर दिसते, त्या बाजूची काडी वर वळवावयाची, खालीं नव्हे. कारण काडी कानावर टेकलेली असते, ती वर वळली कीं समोरची चौकट खालीं येते. जी काच डोळ्याच्या अधिक जवळ, तिची काडी आंत घ्यावयाची. जी दूर, तिची बाहेर. नवशिक्या हमखास उलट करतो. प्लास्टिकची काडी गरम केल्याशिवाय वळवावयाची नाहीं. धातूची हळू व दोन्ही हातांनीं धरून वळवावयाची. त्या बाई प्रत्येक वेळीं चष्मा टेबलावर उलटा ठेवून चारी टोकें टेकतात का पाहत, मग ग्राहकाच्या कानामागें बोट घालून दाब पाहत, व शेवटीं त्याच्या हातीं बारीक छापाचा कागद देऊन स्वस्थ बसत. "वाचा, घाई नाहीं काका," एवढेंच बोलत. एक वृद्ध गृहस्थ सहा महिने जो चष्मा डबींत ठेवून होते, तो त्यांनीं पांच मिनिटांत काडी व उशी सारखी करून वाचनास योग्य केला. भिंग तेंच, नंबर तोच.

(७)

आतां पोथ्यांकडे वळूं. पोथी जुळवितांना आपणांस जे अपपाठ आढळतात, त्यांतील फार मोठा भाग घ-ध, थ-य, ष-प, म-भ, व-ब अशा जोड्यांचा असतो. किंवा अनुस्वाराचा ठिपका गळलेला असतो. या जोड्यांतील भेद एका लहानशा गांठीचा, फटीचा किंवा रेघेचा आहे. संपादक अशा ठिकाणीं 'लेखकप्रमाद' असें लिहून पुढें जातो, व लेखक अज्ञ होता असें मनांत धरतो. आमचें म्हणणें असें कीं, येथें दोन प्रकारचे प्रमाद वेगळे केले पाहिजेत: न समजल्यामुळें झालेले, आणि न दिसल्यामुळें झालेले. ज्यास व्याकरण येत नाहीं, तो विभक्ति बिघडवितो, समास चुकीचा तोडतो, अपरिचित शब्दाच्या जागीं परिचित शब्द घालतो. ज्यास दिसत नाहीं, त्याची विभक्ति शाबूत असते, परंतु गांठ व फट चुकते. पंचावन्न वर्षांच्या विद्वान शास्त्र्याच्या हातचे अपपाठ या दुसऱ्या प्रकारचे असूं शकतात. डॉन्डर्सचें कोष्टक त्याच्या विद्वत्तेस सवलत देत नाहीं.

दिव्याच्या उजेडानें तर हें अधिकच होतें. मंद प्रकाशांत बाहुली मोठी होते, आणि बाहुली मोठी झाली कीं अक्षर अधिक अंधुक होतें. उन्हांत ती लहान होते व तेंच अक्षर थोडें स्पष्ट दिसतें. पोथीच्या शेवटीं लेखक आपली पाठ, कंबर व मान मोडल्याचें आणि दृष्टि ताठल्याचें सांगून ग्रंथ जपण्याची विनंती करतो, तो श्लोक आपण सर्वांनीं शेंकडों पोथ्यांत पाहिला आहे. आपण तो सांप्रदायिक म्हणून ओलांडतों. त्यांतील दृष्टीची तक्रार अक्षरशः खरी मानावयास कांहीं हरकत दिसत नाहीं.

यावरून एक प्रयोग सुचवावासा वाटतो. एकाच लेखकानें तरुणपणीं व उतारवयांत नकललेल्या, दोन्हींवर शक असलेल्या पोथ्या ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं दोहोंतील अपपाठांची गणना वरील दोन प्रकारांनीं करून पाहावी. न दिसल्यामुळें झालेले प्रमाद वयाबरोबर वाढत असतील, तर आमचें अनुमान ठरेल. नसतील, तर तेंहि कळेल. अक्षराचा आकारहि मोजावा. उतारवयांत तो वाढतो कीं काय, आणि एकाद्या वर्षापासून पुन्हा लहान होतो कीं काय, हें पाहण्यासारखें आहे. कारण अक्षर मध्येंच लहान झालें असेल, तर त्या वर्षीं लेखकाच्या हातीं चाळिशी आली असण्याचा संभव आहे.

दुसरी विनंती वस्तूंविषयीं. जुन्या घरांतून रुमाल व पोथ्या येतात, तेव्हां त्यांच्यांत कधीं कधीं एकादी तुटकी चाळिशी निघते. काडीच्या जागीं दोरा बांधलेला असतो, नाकावर चिंधी गुंडाळलेली असते. पोथी आपण ठेवतों व चाळिशी टाकून देतों. असें करूं नये. तो दोरा व ती चिंधी हें मदतनिसाचेंच काम आहे. तो नव्हता म्हणून वाचकानें स्वतः किंवा घरांतील कोणीं तें केलेलें आहे. अशी वस्तु हातीं आल्यास ती कोणत्या पोथ्यांबरोबर निघाली तें लिहावें, दोन भिंगांच्या मध्यांतील अंतर मिलिमीटरांत मोजावें, दोन्ही भिंगें सारखीं आहेत कीं निराळीं तें पाहावें, डबीवरील आंकडा व शिक्का उतरून घ्यावा, आणि दोरा सोडूं नये. भिंगें सारखीं असतील तर ती वयानें घेतलेली चाळिशी असण्याचा संभव अधिक. निराळीं असतील, तर तिच्यामागें कोणीं तरी त्या वाचकासमोर बसून त्याचे दोन डोळे वेगवेगळे पाहिले असावेत.